पालथ्या पेल्याचा नियम

ज्याच्या तोंडात एकही दात सरळ मनाचा नाही, त्याने जगाविषयी बरे बोलावे अशी अपेक्षा करणे मुळातच अन्यायाचे आहे. माझे दात वडिलांकडून आले आणि स्वभाव आईकडून. स्वभावाला दवाखाना नसतो; दातांना असतो, आणि तो आमच्या वस्तीत औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. तेथे मी वर्षानुवर्षे ज्या नियमाने जात आलो, त्या नियमाने एखाद्या वाचनालयात गेलो असतो तर एव्हाना विद्वान म्हणून मिरवत असतो. येथे मी फक्त बसलो. तेथील खुर्च्या बनवणाऱ्याला माणसाची पाठ नेमकी कोठे वळते याची कोणी कल्पना दिलेली नसावी. मासिकांतील प्रत्येक कथेचे शेवटचे पान फाटलेले असते. पंखा आपल्या डोक्यावर फिरतो आणि वारा समोरच्याला लागतो.

या सर्व गैरसोयींवर जिची सत्ता चालते त्या बाईंची ही हकिगत आहे. त्यांना तोंडावर सगळे मावशी म्हणतात आणि जिना उतरताना फौजदारमावशी. त्या एका लहानशा खिडकीमागे बसतात. खिडकीची त्यांना सवय होती. तरुणपणी त्या एका चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीवर बसत असत. ते चित्रपटगृह बंद पडले, त्याच्या जागी चपलांचे दुकान आले, आणि मावशी दुसरी खिडकी शोधत शोधत दातांच्या दवाखान्यात येऊन पोचल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कामात फारसा फरक पडला नाही. रांग तीच, घुसखोरी तीच. तेथे लोक आत जाण्यासाठी भांडत, येथे दुसऱ्याला आधी पाठवण्यासाठी भांडतात, एवढेच.

त्या कामावर आल्या त्या पहिल्याच सकाळी थोरल्या डॉक्टरांनी त्यांना कोपऱ्यातली एक कुंडी दाखवली. कोणा उपकृत पेशंटाने भेट दिलेली पीस लिली तिच्यात अखेरचे श्वास मोजत होती. डॉक्टर म्हणाले की हे झाड जगले तर तुम्हीही टिकलात असे समजू. थोरल्या डॉक्टरांना विनोद करण्याची हौस होती आणि त्यांचे विनोद त्यांच्या हातांइतकेच जड असत. मावशींना तो विनोद वाटलाच नाही. त्यांनी ती नेमणुकीची अट म्हणून ऐकली आणि मान्य केली.

ज्यांनी पीस लिली पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गर्द हिरवी, लांबट, चकचकीत पाने, आणि त्यांच्यामधून वर येणारे एक पांढरे पान, ज्याला जग फूल म्हणते. मुळात उष्ण, दमट रानांत मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारी ही वनस्पती. त्यामुळे तिला घरातला अर्धवट उजेड चालतो. चालत नाही ते दुर्लक्ष. पाणी कमी पडले की ही बाई सरळ मूर्च्छित पडते. सर्व पाने एकदम कुंडीच्या कडेवर लोळतात. पाहणाऱ्याला वाटते, आता खांदेकरी बोलवावेत. मग पाणी घालावे, की दुपारपर्यंत जणू काही झालेच नाही अशा ऐटीत उभी. आमच्या नात्यात या स्वभावाच्या दोन आत्या आहेत.

मावशींच्या हाताखाली मात्र हे झाड कधी पडले नाही. त्यांनी त्याला पूर्वेकडच्या खिडकीपासून बाजूला, खांबाच्या आड ठेवले, कारण थेट उन्हाने पाने करपतात. दवाखान्यातला कापूस ओला करून त्या एकेक पान पुसत, आणि पुसताना दुसऱ्या हाताने पानाला खालून आधार देत, जसा न्हाव्याने हनुवटीला द्यावा. पानाचे टोक तपकिरी झाले तर ते पानाच्याच आकारात तिरके कापत. कोमेजलेल्या फुलाचा दांडा थेट बुडापासून काढत. मध्येच कापलेला दांडा त्यांना अर्धवट काढलेल्या दाताइतका अपमानास्पद वाटे. कुंडीला अधूनमधून थोडी फिरवीत, म्हणजे झाडाने एकाच बाजूला मान वाकडी करू नये. पेशंटांना मात्र त्यांनी कधी पंख्याखालची खुर्ची देऊ केली नाही.

आणि पाणी. पाण्याच्या बाबतीत मावशींचा एक सिद्धान्त होता आणि त्या सिद्धान्ताचा त्यांना भयंकर गर्व होता. सोमवारी सकाळी, रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेले पाणी, चूळ भरायचा एक लहान पेला. बस्स. नंतर आठवडाभर थेंब नाही. शुक्रवारी, शनिवारी त्या मातीत बोट खुपसत आणि ते ओले बोट कोणाला तरी दाखवत. खालच्या औषधवाल्याने हौसेने आणलेली पीस लिली दर दोनतीन दिवसांनी आडवी होऊन शेवटी मेली, तेव्हा मावशी त्याच्या सांत्वनाला गेल्या आणि सांत्वन करताना म्हणाल्या की पाणी पाण्यावर नसते, हातावर असते. औषधवाला तेव्हापासून त्यांच्याशी हिशेबापुरता बोलतो.

आता दुसरा नियम सांगायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच निघते. भ्यालेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते. कोरड्या ओठांना डॉक्टरांचा आरसा चिकटतो, आणि ओठ चिकटले की थोरले डॉक्टर चिडत. म्हणून आत जाण्यापूर्वी प्रत्येक पेशंटाने पेलाभर पाणी प्यायचेच, असा दंडक होता. मावशी तो दंडक अमलात आणत. पाणी वाया घालवलेले त्यांना खपत नसे, त्यामुळे अर्धा पेला परत आला तर त्या तो तसाच पुन्हा हातात देत. पेला रिकामा करून खिडकीतल्या तबकात पालथा ठेवला की मगच तुमचा नंबर पुकारला जाई. पालथा पेला ही तुमच्या धैर्याची पावती होती.

पण थोरल्या डॉक्टरांच्या दारात बसून पेलाभर पाणी घशाखाली घालणे ही सोपी गोष्ट नव्हती. आतून यंत्राची घरघर येई, त्यावर डॉक्टरांचे गुणगुणणे येई, आणि मध्येच दोन्ही थांबून तिसरा आवाज येई. पेशंटाचा आवंढासुद्धा खाली उतरत नसे. पाणी कोठून उतरणार? मोरी आत, खिडकी जाळीची, आणि खांबाच्या आड, मावशींच्या नजरेपलीकडे, ती कुंडी. शाळामास्तरीण बाई मासिक चाळल्यासारखे करून ओतत. बसचा वाहक बुटाची नाडी बांधायला वाके, त्याच्या बुटाला नाडी नसतानाही. अग्निशामक दलातला एक धिप्पाड जवान, ज्याने जळत्या इमारतींत शिरून माणसे खांद्यावर बाहेर आणलेली होती, तो तर पेला हातात पडताच कुंडीकडे चालू लागे. झाड शंभर माणसांच्या भीतीवर पोसले जात होते आणि सोमवारच्या पेल्याचा तेथे फक्त मान होता.

मी स्वतः पेला संपवीत असे. त्या पाण्याला टाकीचा वास येई, हे मी मावशींना वेळोवेळी ऐकवले. त्यांनी ते वेळोवेळी ऐकून घेतले नाही. दुसऱ्यांविषयी मात्र मी बोललो नाही. तक्रार आणि चहाडी यांत फरक आहे. तक्रार स्वतःच्या त्रासाची असते, चहाडी दुसऱ्याच्या सुटकेची. शिवाय जे झाड इतके छान चालले होते त्याचे कारण सांगून त्याचे भले होईल अशी मला शंकाही आली नाही.

मग थोरले डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी गादीवर आली.

धाकट्या डॉक्टरांविषयी वाईट बोलण्याचा मी मनापासून प्रयत्न केला, पण जमले नाही. त्यांचा हात पिसासारखा. सुई टोचण्याआधी त्या हिरडीला काहीतरी थंडगार लावतात, आणि आपण सुईची वाट पाहत असतानाच म्हणतात, झालं. यंत्र नवे आणले, त्याला आवाज नाही. छतावर समुद्राचे चित्र लावले. बाहेर हळू आवाजात वाद्यसंगीत सुरू झाले, जे मला आवडत नाही, पण इतरांना आवडते. पेशंट आपापसांत गप्पा मारू लागले. मास्तरीणबाई खरोखर मासिक वाचू लागल्या. आणि सगळे पेलाभर पाणी गटागटा पिऊ लागले. एका गृहस्थांनी तर दुसरा पेला मागितला. मावशींनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी तिसरा मागण्याचे टाळले.

थोड्याच दिवसांत पीस लिली पडली.

पडली म्हणजे पुरती पडली. सर्व पाने कुंडीबाहेर, ओले कपडे कठड्यावर टाकावेत तशी. मावशींनी बोट मातीत घातले. बोट कोरडे निघाले. हे बोट त्यांनी कोणालाही दाखवले नाही. सोमवारी नेहमीचा पेला घातला. झाडाने मान किंचित उचलली आणि मंगळवारी पुन्हा टाकली. मावशींनी जागा तपासली, पानांखाली कीड पाहिली, कुंडीचे भोक काडीने मोकळे केले. फक्त पाणी वाढवले नाही. इतकी वर्षे जो हात पुरला तो आज पुरत नाही, हे मान्य करण्यापेक्षा झाडाच्या मनात काहीतरी आहे हे मान्य करणे त्यांना सोपे गेले. अखेरीस त्यांनी निदान जाहीर केले. झाडाला थोरल्या डॉक्टरांचा विरह झाला होता.

घरी त्या भाऊ-वहिनींपाशी राहतात. वहिनींची जीभ म्हणजे वस्तऱ्याची लेक. त्यांनी विचारले म्हणे की वन्सं, भावाला दोन दिवस ताप होता तेव्हा तुमचा चेहरा इतका उतरला नव्हता. ते झाडच घरी आणा, म्हणजे संध्याकाळी तुमचा पाय तरी घरात ठरेल. हे मावशींनी स्वतःच मला सांगितले, आणि सांगताना त्यांना हसू आले नाही. तेव्हा मला प्रथम वाटले की प्रकरण गंभीर आहे.

ते अधिक गंभीर झाले धाकट्या डॉक्टरांमुळे. त्यांना प्रतीक्षाकक्षात माशांची काचपेटी ठेवायची होती. मासे पाहून पेशंटांचे मन शांत होते, असे त्यांनी कोठे तरी वाचले होते. पेटीला जागा हवी, उन्हापासून दूर, खांबाच्या आड. म्हणजे बरोबर तीच. झाड बरे असते तर प्रश्न नव्हता, त्या म्हणाल्या, पण दाराशीच हे असे मेल्यासारखे पडलेले पाहून माणसाला दवाखान्याविषयी काय वाटेल? पेटी महिनाअखेर येणार होती. तोवर झाड उभे राहिले तर ठीक, नाही तर ते मागच्या गॅलरीत जाईल.

मागच्या गॅलरीत दिवसभर ऊन असते आणि जुन्या खुर्च्या असतात. मावशींना त्याचा अर्थ कळला. झाड जगले तर तुम्ही टिकलात, हे वाक्य त्यांच्या डोक्यात अजून जसेच्या तसे लागू होते. त्या खिडकीतून उठल्या, डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या, आणि ज्या मुलीचे दुधाचे दात पडताना त्यांनी हात धरला होता तिला अगदी शांतपणे म्हणाल्या, "बेबी, झाड गॅलरीत गेलं ना, तर माझीही खुर्ची तिथेच टाक."

धाकट्या डॉक्टरांनी समजूत घातली की मावशी, झाड वेगळे आणि तुम्ही वेगळ्या. मावशींनी ते ऐकून घेतले, मान डोलावली आणि त्यावर तसूभरही विश्वास ठेवला नाही.

त्यांनी उपाय योजला तो त्यांच्या निदानाला साजेसाच. थोरल्या डॉक्टरांना फोन केला. थोरले डॉक्टर घरी बसून शब्दकोडी सोडवत आणि सुनेच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी सुधारत. दोन्हीकडून त्यांना दाद मिळत नव्हती. कोणाला तरी आपली आठवण येते, मग ते झाड का असेना, हे ऐकून ते बुधवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले. मावशींनी त्यांच्यासाठी कुंडीशेजारी खुर्ची मांडली. डॉक्टर बसले, झाडाकडे झुकले, आणि त्यांना झाडाशी काय बोलावे ते सुचेना तेव्हा सवयीने म्हणाले, "काय, कुठं दुखतंय?"

मी तेव्हा समोरच्या खुर्चीत होतो. त्या खोलीतले संगीत चालू होते, पण गप्पा थांबल्या. ज्यांची दाढ कधीकाळी त्या हातांनी उपटली होती असे निदान चौघे तेथे होते. बसच्या वाहकाचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी आपुलकीने त्याला ओळखले, जबडा उघडायला सांगितले, आणि आपण भरलेली दाढ अजून टिकून आहे हे पाहून त्याच्या गालावर थाप मारली. थोड्या वेळाने डॉक्टर खिडकीपाशी मावशींशी बोलायला गेले. मग मी पाहिले की एकापाठोपाठ एक माणसे कुंडीपाशी जाऊन नाडी बांधत आहेत. तबकात पालथ्या पेल्यांची रांग लागली.

दुपारपर्यंत झाड उभे होते.

मावशींचा आनंद काय वर्णावा. त्यांनी औषधवाल्याला मुद्दाम वर बोलावून झाड दाखवले. थोरल्या डॉक्टरांना फोनवर कळवले. त्यांनी म्हणे तेव्हाच सदरा पुन्हा इस्त्रीला टाकला. दर बुधवारी यायचे ठरले. पुढच्या सोमवारी झाड पुन्हा मान टाकू लागले, मंगळवारी लोळले, आणि बुधवारी डॉक्टर येताच दुपारी टवटवीत. मावशींच्या दृष्टीने यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणत्याही न्यायालयाने मागितला नसता. डॉक्टरही बदलले. ते पानांवरून बोट फिरवू लागले. एकदा त्यांनी झाडाला शब्दकोड्यातला एक शब्द विचारला.

पण धाकट्या डॉक्टरांच्या नजरेस भलतेच येऊ लागले. बुधवारचे पेशंट वेगळेच वागत. नाडी जलद, हात गार, खुर्चीचे हात घट्ट धरलेले. मास्तरीणबाईंनी तर बुधवार सोडून कोणताही वार द्या अशी विनंती केली. मुलीला कारण कळायला वेळ लागला नाही. तिने वडिलांना ओळखले होते आणि त्यांच्या पेशंटांनाही. तिने मावशींना बाजूला घेऊन सांगितले की बाबांना आता बोलावू नका. इतक्या कष्टाने लोकांची भीती घालवली, ती दर आठवड्याला इस्त्रीचा सदरा घालून परत येते. बाबांना तसे सांगायची तिची छाती होत नव्हती. ते काम तिने मावशींवर सोपवले. आणि झाड त्यांच्याशिवाय उभे राहत नसेल, तर ते गॅलरीत ठेवायचे, पेटी ठरलेल्या दिवशी येईल.

मावशींनी पुढच्या बुधवारी डॉक्टरांना सांगायचे ठरवले. तो बुधवार आला. डॉक्टर येऊन बसले. मावशींनी शेजारची रिकामी खुर्ची दोनदा पुसली. शेवटी त्या डॉक्टरांना चहा आणते असे म्हणून मागच्या दाराने बाहेर पडल्या, आणि चहा घेऊन परतताना काय मनात आले कोण जाणे, बाहेरच्या जिन्यावरून फिरून पुढच्या दारात आल्या. या दारातून त्या कधी येत नसत. या दारातून खांबाची दुसरी बाजू दिसते.

डॉक्टर तेव्हा भिंतीवरचे आपलेच जुने प्रमाणपत्र सरळ करत पाठमोरे उभे होते. आणि अग्निशामक दलाचा तो धिप्पाड जवान कुंडीवर ओणवा होऊन आपला पेला ओतत होता, अगदी सावकाश, काठाकाठाने, माळ्याने ओतावे तसा. त्याच्या मागे बसचा वाहक आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा होता.

मी मावशींकडे पाहत होतो. मला वाटले, आता काही खरे नाही. इतकी वर्षे ज्या बाईने अर्धा पेला खपवून घेतला नाही, ती आता काय करील? जवानाने वर पाहिले आणि त्याला दातखिळी बसली. मावशींनी चहाचा पेला डॉक्टरांना नेऊन दिला, खिडकीत जाऊन बसल्या आणि तबकातले पालथे पेले एकेक करून सरळ करू लागल्या, जसे काही प्रत्येकाच्या आत पाहायचे होते.

सगळे पेशंट गेले, थोरले डॉक्टर गेले, तरी माझी पाळी आली नव्हती. माझी कधी येतच नाही. मावशींनी खिडकीतून मला हाक मारली आणि विचारले की हे किती दिवस चालले आहे. मी सांगितले, मी येतो तेव्हापासून. आणि कोणकोण? मी म्हणालो, कोण नाही ते विचारा. मी सांत्वनासाठी काहीतरी बोललो असे मला आठवत नाही, आणि बोललो असतो तरी मला ते येत नाही.

"म्हणजे मी सोमवारी पेला घालून मिरवायची," त्या म्हणाल्या, "आणि झाड इकडे गावाची भीती पिऊन जगत होतं."

मी म्हणालो, तसेच काहीसे.

"औषधवाल्याला काय काय बोलले मी."

त्या रडतील असे मला वाटले होते, पण फौजदार रडत नाहीत. नंतर त्यांनी मला विचारले की पाण्याला टाकीचा वास येतो हे मी म्हणतो ते खरे आहे का. माझी एखादी तक्रार त्यांनी खरी मानली, असे प्रथमच घडत होते. मी या वेळी हळू आवाजात हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. दाढ दुखत नव्हती, पण दुखेल असे सांगून गेलो. तो गुरुवार होता. आदल्या दिवशी ओतणे मध्येच थांबल्यामुळे झाड पुन्हा कुरकुरायच्या बेतात होते. मावशी खिडकीतून बाहेर आल्या त्या हातात पेला नव्हे, घागरीएवढे एक भांडे घेऊन. खोलीतल्या सर्वांकडे त्यांनी एकदा पाहिले, आणि सर्वांनी आपापल्या पायांकडे पाहिले. गुरुवारी पाणी घालायला त्यांचा हात सवयीने अडखळला. सोमवार त्यांच्या मनगटात बसला होता. मग त्यांनी ओतले. सावकाश, चहूबाजूंनी, माती पिईल तितके, कुंडीच्या बुडातून ताटलीत पाणी येईपर्यंत. ताटलीतले साचलेले पाणी त्यांनी ओतून टाकले, कारण मुळांना पाय भिजवून बसणे आवडत नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. बाकीचे सर्व त्यांना ठाऊकच होते. फक्त पाणी किती, एवढेच नव्हते.

दुपारी झाड उभे राहिले. त्यात चमत्कार नव्हता, आणि मावशींना बहुधा तेच सर्वांत जड गेले.

धाकट्या डॉक्टरांना त्यांनी सर्व सांगितले, एकही शब्द न गाळता. डॉक्टर आधी पाहतच राहिल्या, मग तोंडावर हात ठेवून हसू लागल्या, आणि मग म्हणाल्या की मावशी, मीसुद्धा ओतायची. लहान होते, बाबा दात बघायला बोलवायचे तेव्हा. मावशींच्या सर्व पेशंटांत विश्वासाची म्हणून त्या या एकाच मुलीला मोजत आल्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कोणाकडे करावी?

पेटी ठरल्या दिवशी आली. काचपेटीवाला खांबाआड उभ्या झाडाकडे पाहून, मग माप घेण्याच्या दोरीकडे पाहून, मग मावशींकडे पाहून आपोआप मागे सरला. माशांची रवानगी आत झाली, डॉक्टरांच्या खुर्चीसमोर, म्हणजे तोंड उघडे ठेवून बसलेल्या माणसाला तोंड उघडे ठेवून पोहणारे मासे दिसावेत. मला त्यात थट्टेचा वास येतो, पण ते असो.

मधल्या बुधवारी मावशींनी थोरल्या डॉक्टरांना फोनवर, या आठवड्यात नको, एवढेच कळवले होते. तरी त्याच दिवशी, कोणीही न बोलावता, ते आले. झाडाची आज परीक्षा आहे हे त्यांना घरी कोठून तरी कळले होते. धापा टाकत जिना चढले, सदऱ्याची एक गुंडी चुकीच्या काजात. झाड ताठ उभे होते. मधून एक पांढरे फूल अजून पुरते उलगडायचे होते. डॉक्टर ते पाहून आनंदले आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. बुधवार नव्हता. ते बरेच दिवस आले नव्हते. आणि झाड उभे होते.

ते खुर्चीत बसले. त्यांनी पानावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"म्हणजे आता ह्याला माझी गरज नाही," ते म्हणाले.

धाकट्या डॉक्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी मावशींकडे पाहिले. मास्तरीणबाईंनी मासिक खाली ठेवले. मीही पाहत होतो, कारण सर्व काही सांगून टाकण्याचा मावशींना पूर्ण अधिकार होता आणि त्यांच्या जागी मी असतो तर मी तो नक्कीच बजावला असता. माणसाला खरे कळलेच पाहिजे या मताचा मी आहे. त्या मतामुळे माझे किती मित्र उरले हा वेगळा विषय आहे.

मावशी खिडकीतून उठून आल्या. वाकून त्यांनी डॉक्टरांच्या सदऱ्याची गुंडी काढून बरोबर काजात लावली, आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आजवर हे झाड जगलं ते केवळ तुमच्यामुळे. माझा हात नुसता नावाला."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. खोलीतल्या एकाही माणसाला तो खोडून काढता आला नसता. उलट प्रत्येकाने मान हलवली, आणि बसच्या वाहकाने तर छातीवर हात ठेवून हलवली.

थोरले डॉक्टर ताठ बसले. मग म्हणाले की हे मी आधीच ओळखले होते, पण स्वतःच्या तोंडाने कसे म्हणायचे. ते बराच वेळ बसले, चहा प्यायले, मास्तरीणबाईंना दातांच्या बाबतीत चार गोष्टी सुनावल्या, आणि खुशीत जिना उतरले. आता ते कधीमधी येतात. आल्यावर झाडाकडे पाहून ज्या रीतीने मान हलवतात ती एखाद्या यशस्वी शस्त्रक्रियेनंतरची असते.

ते गेल्यावर मावशींनी पेला भरून माझ्या हातात दिला. मी तो संपवला. पाण्याला टाकीचा वास नव्हता. तबकामागे नवे भांडे होते, झाकलेले. मी हे बोलून दाखवायच्या बेतात होतो, पण मावशींनी माझा नंबर पुकारला, आणि मी खिडकीजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "साहेब, पाहिलंत ते तोंडातच ठेवा. आत डॉक्टर 'आ' करायला सांगतील, तेव्हासुद्धा."